एका गोलाचा हिशोब

मित्रांनो, चामटोली हे नाव तुम्ही कधी ऐकले आहे का? बदलापूर आणि वांगणी या दोन स्थानकांच्या मध्ये आमचे हे गाव आहे. 27 जुलै 2019 रोजी ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या वेळी उल्हास नदीला पूर आला होता. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या गावाजवळ पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. जवानांनी बोटींतून सर्वांना सुखरूप बाहेर काढले. गावकरी आणि आसपासचे तरुणही मदतीला धावले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. मी तेव्हा लहान होते. ‘स्वयंसेवक’ हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

पुढे मीही स्वयंसेविका झाले. पण पुरात नव्हे, नेटबॉलच्या मैदानावर.

नेटबॉल तुम्हांला माहीत आहे ना? दोन्ही संघांत सात-सात खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पळायचे नाही, तीन सेकंदांच्या आत तो दुसरीकडे द्यायचा आणि 3.05 मीटर उंचीवरच्या रिंगमधून टाकायचा. मला हा खेळ फार आवडे. पण आमच्या शाळेच्या संघात माझी निवड झाली नाही. मी दोन दिवस रुसून बसले. तेव्हा बाई म्हणाल्या, “अगं, सात जणी खेळतात, पण सामना सात जणींनी होत नाही. मैदान कोण आखणार? गुण कोण लिहिणार?”

बाईंनी आम्हांला काही गोष्टी सांगितल्या. दिल्लीत 2010 साली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. तेथे नेटबॉलही होता आणि स्पर्धेच्या कामाला हजारो तरुण स्वयंसेवक होते. पुढे 2018 साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला 52-51 असे हरवून सुवर्णपदक मिळवले. तो एक गोल अगदी शेवटच्या क्षणी झाला होता. “आता सांगा, गुण लिहिणाऱ्याची एक चूक केवढी मोठी?” असे बाईंनी विचारले. मी लगेच माझे नाव दिले.

सामना आमच्या गावाबाहेरच्या माळावर ठरला. आम्ही पाच-सहा जण पहाटेच पोहोचलो. आधी दगड वेचले. मग सुतळी ताणून 30.5 मीटर लांब आणि 15.25 मीटर रुंद मैदान आखले. रिंगच्या बाजूचे अर्धवर्तुळ काढायला 4.9 मीटरची सुतळी घेतली, एक टोक खुंटीला बांधले आणि दुसरे हातात धरून फिरलो. त्यावर फक्की टाकली. आमचे हातपाय पांढरे झाले!

पाहुणा संघ एका उर्दू शाळेचा होता. त्यांच्याकडून आलेली एक मुलगी माझ्या शेजारी टेबलाशी बसली. गोल मी लिहायचे आणि सेंटर पास तिने, असे ठरले. तिची अक्षरे उजवीकडून डावीकडे जात, माझी डावीकडून उजवीकडे. आकडे मात्र दोघीही डावीकडून उजवीकडेच लिहीत होतो. हे पाहून आम्ही दोघी हसलो आणि लगेच मैत्रिणी झालो.

सामना फार चुरशीचा झाला. शेवटची शिट्टी वाजली, तेव्हा माझ्या कागदावर आमचे 21 आणि त्यांचे 20 गोल होते. आमच्या मुली नाचू लागल्या.

सही करण्याआधी माझी नजर शेजारच्या कागदावर गेली. भाग सुरू होताना एक सेंटर पास होतो आणि नंतर प्रत्येक गोलमागे एक. शेवटच्या भागात तिने 12 सेंटर पास लिहिले होते. बाराव्यानंतर गोल झालाच नव्हता. म्हणजे त्या भागात गोल 11 हवेत. माझ्याकडे तर 12 होते!

तिचेच चुकले असेल का? सेंटर पास दोन्ही संघांना आळीपाळीने मिळतो. एखादा सुटला असता, तर एकाच संघाच्या दोन खुणा लागोपाठ आल्या असत्या. तिच्या खुणा एकाआड एक होत्या. मग मला आठवले. आमचा एक गोल मी लिहिला, तेवढ्यात कर्जतकडे जाणारी गाडी धडधडत गेली. मी तिकडे पाहिले आणि वळून तोच गोल पुन्हा लिहिला.

माझे हात गार पडले. मैत्रिणीने अजून बेरीज केली नव्हती. गप्प बसले असते, तर कोणालाही कळले नसते. आमच्या मुली अजून नाचतच होत्या.

मी उठले आणि पंचांना सगळे सांगितले. त्यांनी दोन्ही कागद पाहिले. गुण 20-20 झाले. जादा वेळ खेळवली गेली आणि आम्ही दोन गोलांनी हरलो.

जाताना ती मैत्रीण म्हणाली, “तू सांगितले नसतेस, तर कोणाला कळले असते?”

“मला कळले असते,” मी म्हणाले.

आमच्या संघातील मुली मात्र चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घरी मी खूप रडले. पाचव्या दिवशी संघनायिका माझ्या बाकाजवळ आली. म्हणाली, “पुढच्या सामन्यात गुण तूच लिही. आणि हो, गाडीकडे पाहू नकोस!”

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या संघातही तुमची निवड झाली नाही, तर रुसून बसू नका. मैदान आखायला, घड्याळ पाहायला, गुण लिहायला माणसे लागतातच. पुढे या आणि आपले नाव द्या. आणि गुण लिहायला बसलात, तर दोन्ही संघांना आपलेच समजा.