न वाचलेला कागद

1984 च्या जानेवारीत जासई परिसरात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. तेव्हा कर्जत कोर्टात वकिली सुरू करून मला दोनच वर्षं झाली होती. या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव रायगडात घरोघरी होतं. जासईच्या शेतकऱ्याचा मुलगा वकील झाला, 1957 मध्ये पनवेलचा आमदार झाला आणि पुढे विकसित जमिनीत साडेबारा टक्क्यांसाठी लढला. शेलूला आमच्या ओटीवर मी ठरवलं, आपणही आमदार व्हायचं. दिबांच्या आयुष्यातून मी तेवढंच उचललं. वकिलीतून विधानसभेत जाता येतं, एवढंच.

मग माणूस दारात आला की त्याच्या घरात मतं किती, हे आधी मनात यायला लागलं.

1987 मध्ये गावातले दोन भाऊ आले. वडिलांनी रेल्वेच्या पगारातून घेतलेली दोन एकर भातजमीन, आईवडील दोघेही गेलेले. बहिणी दोन, एक वांगणीला दिलेली, एक बदलापूरला. 1956 च्या वारसा कायद्याने चौघांना सारखाच वाटा, प्रत्येकी 20 गुंठे. भावांना बहिणींचं हक्कसोडपत्र हवं होतं. मी ते एका संध्याकाळी लिहिलं.

सहीच्या दिवशी धाकटीने कागद हातात धरून विचारलं, "वकीलदादा, काय लिवलंय यात?"

मी म्हणालो, "काही नाही ताई, सातबारा भावांच्या नावावर करायचाय."

ते खोटं नव्हतं, आणि पूर्ण खरंही नव्हतं. 20 गुंठे हा शब्द मी तोंडातून काढला नाही. भावांच्या घरात अकरा मतं होती. बहिणींची मतं ठाणे जिल्ह्यात, दुसऱ्या मतदारसंघात. हा हिशेब मी त्या क्षणी केला होता, नंतर सुचलेला नाही. थोरलीने अंगठा उठवला, धाकटीने सही केली.

उमेदवारी मला कधी मिळालीच नाही. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

पुढे शेलू स्टेशनभोवती इमारती उठायला लागल्या. भावांनी जमीन विकली. धाकटी तोवर विधवा झाली होती, भाड्याच्या खोलीत राहत होती. एका दुपारी ती माझ्याकडे आली. मी तिला सगळं सांगितलं, अकरा मतांसकट. दावा लाव, मी स्वतः साक्षीला उभा राहतो, असंही म्हणालो.

तिने मान हलवली. "भावांना कोर्टात उभं करून माहेर कुठं राहील?"

मी काहीच बोललो नाही. उठताना ती म्हणाली, "वाचून दाखवलं असतंत तरी मी सही केलीच असती, दादा. पण मग ते मी दिलेलं असतं."

तिला सोडायला मी स्टेशनपर्यंत गेलो. बदलापूरची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसून होतो. समोर तिच्या वडिलांच्या शेतावरची इमारत दिसत होती.