प्रवेश विनामूल्य होता

"मावशी, झाडूपोछावाल्यांनी मागच्या गेटनं यायचं."

दक्षिण मुंबईतल्या एका कलादालनाच्या दारात माझ्या आईला हे ऐकवलं गेलं. गोष्ट गेल्या वर्षीच्या मार्चमधली आहे, पण कुठे 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी दिसली की अजूनही माझं डोकं तापतं.

आम्ही मूळचे परळचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आईनं पोळीभाजीचे डबे करून घर चालवलं, आम्हाला शिकवलं. आता आम्ही कांजूरमार्गला राहतो. परवडण्यासारखी करमणूक आम्हाला एकच माहीत होती, ती म्हणजे फिरणं, आणि त्याचा खरा हंगाम माघ-फाल्गुन. विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेची झाडं गुलाबी होतात, ती बघायला पैसे पडत नाहीत. शिवडीच्या जेट्टीवर रोहित पक्षी बघायलाही पडत नाहीत, फक्त ओहोटीची वेळ बघून जावं लागतं, भरतीला नुसतं पाणी दिसतं. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो. तो १९९९ पासून चालू आहे आणि तिथे कुणीही यावं, कुणीही बघावं. गुढीपाडव्याला गिरगावातली शोभायात्रा. एवढ्या सगळ्याचा खर्च म्हणजे लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट आणि घरून नेलेला डबा.

आईला मात्र सगळ्यात जास्त ओढ राणीच्या बागेची. तिथे उर्वशीचं झाड आहे, मूळचं म्यानमारचं. थंडी सरता सरता त्याला तांबड्या फुलांचे लांब घोस लोंबायला लागतात, पाकळ्यांच्या टोकांशी पिवळे ठिपके असतात. माणसं पेंग्विनच्या रांगेत उभी असतात तेव्हा आई या झाडाखाली उभी असते. शाळा सातवीत सुटली, पण झाडं तिला ओळखता येतात. काटेसावर, पळस, पांगारा, बहावा, कुणाला आधी फूल आणि मग पान, कुणाला दोन्ही बरोबर, हे तिला विचारावं.

म्हणून त्या दालनात झाडाफुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय हे वाचल्यावर मी तिला मुद्दाम घेऊन गेले. प्रवेश विनामूल्य, असं बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

मी बोलत बोलत काचेच्या दारातून आत शिरले. आई मागे राहिली, कारण तिनं दाराशी चपला काढल्या. आत लादी चकचकीत होती, स्वच्छ जागी चपला घालून जायचं नाही ही तिची सवय. चपला हातात, खांद्याला डब्याची कापडी पिशवी, अंगावर रोजची सुती साडी. एवढं बघून दारावरच्या मुलानं ठरवलं की ही बाई लादी पुसायला आलेली असणार. आई म्हणाली, मी मुलीबरोबर आलेय. त्यानं विचारलं, कोण मुलगी? कुठे कामाला आहे? म्हणजे मुलगी असलीच तर तीही इथे कामालाच असणार! आईनं काचेतून माझ्याकडे बोट दाखवलं. मी पाठमोरी होते. तो म्हणाला, त्या मॅडम आहेत, तुम्ही बाजूला उभ्या राहा. आणि ती बाजूला उभी राहिली. हातात चपला घेऊन, भिंतीला लागून, मला हाकसुद्धा न मारता.

मी वळून बघेपर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर येऊन मी म्हटलं, ही माझी आई आहे. तो ताबडतोब ओशाळला, सॉरी मॅडम म्हणाला, दार उघडून धरलं. माझा खरा राग इथे आहे. दोन मिनिटांपूर्वीही ती तीच बाई होती, तीच साडी, तीच पिशवी. माझ्या ओळखीवर ती आत येण्याजोगी झाली. मी बरोबर नसते तर ती उलट पावली स्टेशनला गेली असती आणि घरी काही बोललीही नसती. यापूर्वी असं कुठे कुठे झालं असेल, हे मी तिला विचारलं नाही. विचारवत नाही.

नोंदवहीच्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी हे सगळं पाहिलं होतं. मी त्यांना विचारलं, कपडे बघून अडवायचं असा तुमचा नियम आहे का? त्या म्हणाल्या, "नियम असं काही नाही हो, पण विनामूल्य आहे म्हटल्यावर कुणीही येतं." कुणीही यावं म्हणूनच विनामूल्य ठेवतात ना? मी चढ्या आवाजात बोलले. दोघंतिघं वळून बघायला लागले. आईनं माझं मनगट धरलं आणि मला चित्रांकडे नेलं.

तिनं प्रत्येक चित्र बघितलं, खालच्या पट्ट्या अक्षर अक्षर लावून वाचल्या. पांगाऱ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "याला एवढी पानं कशी? फुलतो तेव्हा पांगारा जवळपास उघडा असतो." बरोबर होतं तिचं. त्या दालनात त्या घटकेला हे सांगू शकणारी माणसं किती होती?

परतताना ती त्या मुलाचीच बाजू घेत होती. बोलण्यावरून साताऱ्याकडचा वाटला, वरून सांगितलेलं असणार, पगार तरी किती मिळत असेल. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण राग त्याच्यावर धरावा की टेबलाशी बसलेल्या बाईंवर, हे विचाराल तर मी बाईंचं नाव घेईन.

२०१७ मध्ये राणीच्या बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं तेव्हा मी चिडले होते. आईबाप आणि दोन मुलं यांना शंभरात जाता येतं, तरी कष्टकऱ्यांच्या बागेला एवढे पैसे कशाला, हे माझं म्हणणं होतं. आता मात्र वाटतं, तिकिटाचं एक बरं असतं. दारावरचा माणूस हातातला कागद बघतो, पाय बघत नाही. पैसे भरलेत, आत जायचा हक्क आहे, कुणाची ओळख सांगावी लागत नाही. लगेच दुसरं मन म्हणतं, पन्नास रुपये ज्याच्याकडे नाहीत त्यानं उर्वशी बघायचीच नाही का? माझं अजून ठरत नाही.

एवढं मात्र ठरलंय की दालनं सोडायची नाहीत. आई नको म्हणते, मी नेते. आता आम्ही बरोबरीनं आत शिरतो आणि नोंदवहीत सही ती करते.

तुम्हीही जा. शिवडीला ओहोटी बघून जा, राणीच्या बागेत मार्च संपायच्या आत आणि सकाळी लवकर जा. बुधवारी बाग बंद असते. चित्रांच्या दालनात जाल तेव्हा दारात कुणी अडलेलं दिसलं, तर ते तुमचं कुणी नसलं तरी थांबा आणि विचारा, यांना का अडवलंत?