बावखलातला थेंब

पेशीविज्ञानात डॉक्टरेट करणारी आमच्या धर्मग्रामातील एक कन्या सुट्टीला आली, ती जुना सूक्ष्मदर्शक घेऊनच. बावखलाच्या पाण्याचा थेंब तिने काचपट्टीवर ठेवला आणि आम्हांला पॅरामेशियम दिसला. चपलेच्या आकाराचा, एकपेशीय, हजारो सूक्ष्म केसांनी पोहणारा! ह्या केसांच्या रचनेवरच तिचा प्रबंध आहे. चार वर्षे सरली. कित्येक प्रयोग फसले.

‘‘ह्याचा उपयोग काय?’’ वडिलांनी आमच्यादेखत विचारले. प्रश्न रास्तच, घर त्यांच्या एकट्याच्या कमाईवर चालते.

‘‘पप्पा, कडेने नऊ जोडनलिका, मधोमध दोन. अगदी हीच रचना तुमच्या श्वासनलिकेतल्या केसांची. तेच कफ वर लोटतात आणि तुमची सिगारेट त्यांनाच मारते.’’

वडील गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘फादर, जरा आम्हालाही बघू द्या.’’

आम्हांला मात्र जागा सोडवेना.