वळण घेतांना

आमच्या कुटुंबास कंपवाताचा विकार जडून आतां चार वर्षें झालीं. हात कांपतो त्याचें फारसें वाटत नाहीं. पण माजघरांतून स्वयंपाकघराकडे वळतांना उंबऱ्यापाशीं पाय जमिनीस चिकटल्यासारखे होतात, हें मात्र जिवावरचें आहे. सरळ वाटेनें ती चालते, वळणावर अडते. आम्ही तिचा हात धरून ओढीत असूं. गेल्या वैशाखांत तसेंच ओढलें, ती पडली व मनगट मोडलें. दोष आमचा होता.

दिवाळीस नात आली. ती पुण्यास टँगो नांवाचा नाच शिकते, हें ऐकून आमच्या कपाळास आठी पडली होती. ब्यूनॉस आयर्स व मॉन्टेव्हिडिओ येथील गोरगरिबांच्या वस्त्यांत वाढलेला हा नाच. २००९ सालीं युनेस्कोनें त्यास मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. परपुरुषाच्या मिठींत नाचणें आम्हांस आजही रुचत नाहीं. पण तिनें आजीस धरून जें दाखविलें तें निराळेंच होतें. वळणांत नेणारा मध्यें राहतो. त्याच्याभोंवतीं दुसरी व्यक्ति एक पाऊल पुढें, एक बाजूस, एक मागें, पुन्हां एक बाजूस, असें टाकीत फिरते. हातानें ओढावयाचें नाहीं. नेणाऱ्यानें आधीं आपली छाती वळवावयाची, समोरच्याचा भार एका पायावर पुरता येईपर्यंत थांबावयाचें.

"आजोबा, ज्या पायावर भार नाहीं तोच उचलेल ना? तुम्ही भाराचाच पाय ओढतां," ती म्हणाली.

नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणांतील सात भ्रमरी आम्हांस मुखोद्गत आहेत; पण त्या एकट्यानें घ्यावयाच्या. दाखला सांपडला तो खळ्यावर. आमच्या काष्टीस शनिवारीं गुरांचा मोठा बाजार भरतो. बैलांची चाल लहानपणापासून पाहात आलों. मळणींत मेढीजवळचा बैल आंखूड पावलें टाकीत जवळजवळ जागींच फिरतो, कडेचा लांब टाकतो. आंतला घाईनें पुढें सरला कीं सारी पात बिघडते. आम्ही आंतले असून कडेच्यासारखे धांवत होतों!

अमेरिकेंत सेंट लुई येथें हॅकनी व अरहार्ट या विदुषींनीं कंपवाताच्या रुग्णांस तेरा आठवड्यांत वीस पाठ देऊन पाहिले. त्यांचा निबंध २००९ सालचा. टँगो शिकलेल्यांचा तोल व चाल सुधारली. वॉल्ट्झ शिकलेल्यांचीही सुधारली, हेंही सांगितलें पाहिजे. या विकारांत थांबणें, पुन्हां निघणें, मागें पाऊल टाकणें व वळणें हींच कठीण. टँगोंत तींच पुनःपुन्हां येतात.

आतां रोज रामरक्षा झाल्यावर ओसरीवर आम्ही दोघें चार वळणें घेतों. पहिल्या दिवशीं ती हंसून म्हणाली, "अहो, लग्नांत अग्नीभोंवतीं मागें न पाहतां निघालां होतां, आठवतें का?"

काल उंबऱ्यापाशीं ती पुन्हां अडली. आम्हीं तिच्यासमोर उभें राहून आपला भार हळूच एका बाजूस झुकविला, तिचाही झुकला. मग थांबलों. चुलीवरचें दूध उतूं जाऊं लागलें. आम्ही हललों नाहीं. बऱ्याच वेळानें तिचा उजवा पाय उचलला.