तारेचं गणित आधी कागदावर

आम्ही खडकीची वायरमन मंडळी. १८६९ साली इथं दारूगोळा कारखाना निघाला. तेव्हापासून खडकीतल्या कितीतरी घरांची चूल कारखान्याच्या पगारावर पेटत आली. आम्ही मात्र कंत्राटावरचे. आज या कारखान्यात, उद्या त्या.

हल्लीचं काम निराळं आहे. मशीनवरचे सेन्सर आणि व्हॉल्व्ह पीएलसीशी नेटवर्कने जोडलेले असतात. प्रोफिबससारख्या जोडणीत एक केबल निरोप नेते आणि वेगळ्या दोन तारा २४ व्होल्ट डीसी नेतात. सगळ्यांचं लक्ष निरोपाच्या केबलकडे. विजेच्या तारेकडे कुणी बघत नाही.

वाचकहो, चाळीच्या नळाला शेवटच्या घरी पाणी करंगळीएवढं येतं, हे आपल्या मायबहिणींना सांगायला नको. तारेचंही तसंच. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन १०० मीटर होते. टोकाला ४ अँपिअर भार असला, की वाटेतच साडेसात व्होल्टच्या वर खर्च होतात. उरतात जेमतेम १६. ही उपकरणं सहसा २० व्होल्टच्या खाली भरवशाची राहत नाहीत.

एका कारखान्यात असंच झालं. शेवटची मशीन मध्येच थांबे. अडकलेला जॉब काढायला कामगार हात घाली. वीज परतली तर त्या हाताचं काय? ठपका आमच्या जोडणीवर आला आणि दोन दिवसांची मजुरी कापली गेली. आम्ही मीटर लावून दाखवला. तार नकाशाप्रमाणेच होती. नकाशाच हिशेब न करता काढलेला होता. पॉवर सप्लाय लाइनच्या मध्यावर आणला, भार दोन्हीकडे वाटला आणि मशीन नीट चालू लागली. मजुरी मात्र परत मिळाली नाही.

आयटीआयला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे. तार कापण्याआधी प्रत्येक उपकरणाचा अँपिअर, तारेची लांबी आणि जाडी कागदावर मांडा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलना वेगळा सप्लाय द्या. प्रत्येक फांदीला स्वतंत्र फ्यूज ठेवा. मोटारीच्या ४१५ व्होल्ट केबलपासून नेटवर्कची केबल दूर न्या. मग त्या कागदावर साहेबांची सही घ्या आणि एक प्रत आपल्या घरी जपून ठेवा. कंत्राटी माणसाच्या बाजूने बोलायला पुष्कळदा तेवढा एक कागदच असतो.