सरस्वतीच्या अंगणातली सुरी

बालमित्रांनो, जपान म्हटले की तुम्हाला काय आठवते? फुजीचा बर्फाच्छादित डोंगर, सुसाट धावणारी बुलेट ट्रेन आणि भूकंप. होय ना? आज आपण जपानच्या राजधानीत, टोकियोत जाणार आहोत. पण जायचे आहे स्वयंपाकघराच्या दाराने! तेव्हा हातपाय धुऊन या बरं.

टोकियोच्या फुजी टीव्हीवर १९९३ ते १९९९ या काळात एक झकास कार्यक्रम लागत असे. त्याचे नाव ‘रिओरी नो तेत्सुजिन’, म्हणजे स्वयंपाकातले लोहपुरुष! इंग्रजीत त्याला ‘आयर्न शेफ’ म्हणतात. मी त्याचे जुने भाग पाहिले आणि पार वेडावून गेले. एक भलेमोठे ‘किचन स्टेडियम’. तिथे ताकेशी कागा नावाचा नट राजासारखा झगमगीत पोशाख करून येई. सुरुवातीलाच तो पिवळ्याधमक ढोबळ्या मिरचीचा कच्चा चावा घेताना दिसे! बाहेरून आलेला आव्हानवीर एका लोहपुरुषाला निवडी. मग कापड दूर होई आणि त्या दिवसाची वस्तू दिसे. कधी मासा, कधी भाजी, कधी कोंबडी. घंटा वाजली की दोघांनी ६० मिनिटांत त्या एकाच वस्तूचे अनेक पदार्थ करायचे. काय चिरू, काय तळू, विचार करायलाही उसंत नाही.

आणि गंमत म्हणजे, या सगळ्याचे क्रिकेटसारखे धावते समालोचन चाले! वर माइकपाशी बसलेले केंजी फुकुई, त्यांच्या शेजारी पाकशास्त्राचे जाणकार युकिओ हात्तोरी आणि खाली चुलींच्या मधून धावणारा वार्ताहर शिनिचिरो ओता. ओताला काही नवीन दिसले की तो ओरडे, “फुकुई-सान!” ‘सान’ म्हणजे आपल्याकडचे ‘राव’ किंवा ‘ताई’, बरं का. मग कळे की पलीकडच्या पातेल्यात आत्ता काय पडले. कांदा चिरण्यातही एवढा थरार असतो, हे मला या माणसांनी शिकवले.

आता एक खरी घडलेली गोष्ट ऐका. या लोहपुरुषांपैकी एक मासाहारू मोरीमोतो. जन्म हिरोशिमाचा. त्यांना व्हायचे होते बेसबॉलपटू. पण खांदा दुखावला आणि ते सुशी करायला शिकले. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी नाव कमावले. (२००४ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही त्यांचे उपाहारगृह सुरू झाले.) २००० साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा सामना बॉबी फ्ले या अमेरिकन आचाऱ्याशी झाला. वस्तू होती खेकडा. फ्लेचा हात कापला, ओल्या जमिनीमुळे त्याला विजेचा झटकाही बसला. तरी पठ्ठ्याने स्वयंपाक पुरा केला. वेळ संपली तसा आनंदाच्या भरात तो टुणकन उडी मारून ओट्यावर चढला. पाय कुठे ठेवला? भाजी-मासे चिरायच्या फळीवर!

मोरीमोतो संतापले. हा आचारीच नव्हे, असे ते म्हणाले. सुरी आणि फळी आमच्यासाठी पवित्र असतात, त्यांवर पाय कसा देता?

ही गोष्ट मी आमच्या चौथीच्या वर्गात सांगितली, तर वर्गात दोन तट पडले. काही म्हणाले, “बाई, त्याला माहीतच नव्हतं! आणि त्याचा हात किती दुखत असेल!” दुसरे म्हणाले, “असू दे, पण ज्यावर आपण जेवण करतो त्यावर पाय?” तुम्ही कोणत्या बाजूला? थांबा, आधी टोकियोतल्या दोन जागा पाहू आणि मग ठरवू.

किचन स्टेडियम आता पाहायला मिळणार नाही. तो कार्यक्रमासाठी उभारलेला देखावा होता. पण उएनो स्टेशनवरून भुयारी रेल्वेने दोनच स्टेशने पुढे गेलात, तर कप्पाबाशी नावाचा रस्ता जवळच आहे. कोपऱ्यावरच्या इमारतीवर मिशीवाल्या आचाऱ्याचे अवाढव्य डोके दिसले की समजा, आलो! आपल्याकडे तांबटआळी असते ना, तशी ही भांड्याकुंड्यांची आळी. वाडगे, झारे, कढया आणि मेणाचे किंवा प्लॅस्टिकचे हुबेहूब खोटे पदार्थसुद्धा! आणि सुऱ्या तर विचारू नका. माशाची वेगळी, भाजीची वेगळी. काही दुकानांत पात्यावर आपले नाव कोरून देतात. नाव कोरलेली सुरी म्हणजे घरातले माणूसच की!

आता उएनोला परत फिरू. तिथे शिनोबाझु नावाचे तळे आहे. उन्हाळ्यात ते कमळांच्या पानांनी भरून जाते. मधल्या बेटावर बेंतेनचे देऊळ आहे. ही बेंतेन कोण, ठाऊक आहे? आपली सरस्वती! बौद्ध धर्माबरोबर ती भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचली. तिच्या हाती वीणेच्या जागी बिवा हे तंतुवाद्य आले. तिच्या अंगणात कितीतरी स्मारकशिळा आहेत. एक माशांची, एक चष्म्यांची आणि एक चक्क स्वयंपाकाच्या सुऱ्यांची! आयुष्यभर राबलेल्या सुरीचे उपकार आठवण्यासाठी ती उभारलेली आहे.

आता आपल्या घरात या. खंडेनवमीला विळी, कोयता, सुरी पुसून हळदकुंकू वाहतात ना? दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून आपण पूजा करतो. पोळपाटाला पाय लागला तर चटकन हात जोडतो. मोरीमोतोंचा राग तुम्हाआम्हाला समजायला वेळ लागत नाही तो यामुळेच.

पण फ्लेची बाजूही नीट बघा हं. त्याच्याकडे ती रीत नव्हती. त्याच्या मनात अपमान नव्हता, आनंद होता. २००१ साली जपानमध्ये दोघे पुन्हा भिडले. या वेळी फ्लेने आधी फळी बाजूला भिरकावली आणि मग तो ओट्यावर चढला! म्हणजे धडा अर्धा पाठ झाला, अर्धा राहिला. आणि त्या दिवशी जिंकला कोण? फ्लेच!

तर मुलांनो, फळीला मान दिला म्हणून सामना जिंकता येतो असे नाही. जिंकायला कसब लागते, मेहनत लागते. मान द्यायचा तो जिंकण्यासाठी नव्हे. त्या वस्तूने आपल्यासाठी केलेल्या कामासाठी. आणि दुसऱ्याच्या घरात तिथली रीत डोळे उघडे ठेवून शिकायची असते. न कळत चुकला त्याला रागे भरण्याऐवजी ती समजावून सांगायची असते.

आज संध्याकाळी आईला किंवा बाबांना विचारा, आपल्या घरातली विळी किती वर्षांची आहे? कोणी आणली, कुठून आणली? उत्तर ऐकून झाले, की जेवणानंतर पोळपाट-लाटणे धुऊन-पुसून जागेवर ठेवायचे काम तुमचे. कबूल?