रिलीजच्या आदल्या दिवशी

26 जानेवारी जवळ आली की फोनवर भाषणांच्या रील्स सुरू होतात. तीस सेकंद, मागे ढोल, शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. स्वातंत्र्य, समता, देश. अंगावर काटा येतो, अंगठा वर सरकतो आणि पुढची रील मोमोजची असते.

काटा येण्याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही येतो. पण नेत्यांच्या भाषणांनी समाज सुधारतो असं आपण सहज म्हणतो, तेव्हा एक प्रश्न पडतो. कुठल्या भाषणाने माणसं खरोखर मोकळी होतात आणि कुठल्या भाषणाने नुसतं मोकळं वाटतं, हे ओळखायचं कसं?

माझ्यापुरती मी एक खूण ठरवली आहे. भाषण संपल्यावर ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते बघायचं. नुसत्या टाळ्या, की काही काम?

ही खूण मला सापडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात. संविधान सभेतलं हे भाषण मूळ इंग्रजीत आहे, नेटवर पूर्ण मिळतं आणि शांतपणे वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो. दुसऱ्या दिवशी, 26 नोव्हेंबरला, सभा संविधान स्वीकारणार होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा रिलीजचा आदला दिवस आला. त्या दिवशी सगळ्यांना कौतुक ऐकायचं असतं. काय बिघडू शकतं याची यादी कुणी मोठ्याने वाचत नाही, निदान क्लायंटसमोर तरी नाही.

बाबासाहेबांनी ती वाचली. सुरुवातीला आकडे दिले: मसुद्यावर सुमारे 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मग श्रेय वाटलं. बी. एन. राव यांचं नाव घेतलं, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचं घेतलं, कर्मचाऱ्यांचेही आभार मानले. आणि मग सांगितलं की संविधान कितीही चांगलं असलं, तरी ते राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईटच ठरेल.

पुढे तीन इशारे येतात. पहिला: आता सनदशीर मार्ग खुला आहे, तेव्हा रक्तरंजित मार्ग सोडा, सत्याग्रहही सोडा. दुसरा: कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तिसरा: नुसत्या राजकीय लोकशाहीवर थांबू नका. 26 जानेवारी 1950 पासून आपण एका विसंगतीत शिरतो आहोत. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताचं मोल सारखं. समाजात आणि पैशाच्या व्यवहारात मात्र विषमता तशीच. ती लवकर मिटवली नाही, तर जे तिचे चटके सोसतात तेच हा डोलारा उडवून देतील.

सत्याग्रह सोडा म्हणणारा हा माणूस स्वतः महाडचा सत्याग्रह केलेला होता. मुंबईच्या विधिमंडळात 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये तसा ठराव केला. कागदावर चवदार तळं खुलं झालं. प्रत्यक्षात 20 मार्च 1927 उजाडेपर्यंत तिथे पाणी प्यायची सोय नव्हती. त्या दिवशी परिषदेतली भाषणं आटोपली आणि माणसं रांगेने तळ्याकडे चालत गेली. ओंजळभर पाणी प्यायली. त्यासाठी नंतर मारही खाल्ला. पुढे तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला 1937 साल उजाडलं.

महाडच्या भाषणाने माणसं तळ्यापर्यंत चालवली. 1949 च्या भाषणाने समोरच्यांना असं कुठलं तळं दाखवलं नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं होतं.

माझ्यासमोर आलं ती एक लिफ्ट होती. मी पुण्यात भाड्याने राहतो त्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. त्यातल्या एकीवर पाटी आहे: घरकामगार, डिलिव्हरी व सामानासाठी. दुसरीवर पाटी नाही, कारण ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानाला मी शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभा होतो. माझ्या पुढे दोन माणसं सोडून आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. तिचं बोट आधी रंगलं, माझं नंतर. त्याच संध्याकाळी ती पोळ्या करायला आली, तेव्हा आमची लिफ्ट खाली रिकामी उभी होती आणि ती दुसरीची वाट बघत थांबली होती. बाबासाहेब ज्याला विसंगती म्हणाले, ती एवढ्या कमी अंतरात मावते हे मला ठाऊक नव्हतं. शाळेपासून आमच्या गेटपर्यंत सात मिनिटं लागतात.

मी तिला म्हटलं, या पाटीबद्दल लिहून देतो. ती हसली. "दादा, लिफ्ट वर जाते ना, मग झालं. तुम्ही कशाला वाईटपणा घेता? तुमचं घर जाईल, माझी तीन कामं जातील."

तिचं बरोबर होतं. धोका तिला जास्त होता, म्हणून अर्जात तिचं नावच काय, कामही येणार नाही असं ठरवलं. तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचं तुम्ही बघा." सनदशीर मार्ग म्हणजे काय ते मग कळत गेलं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूला मत नसतं. आमदार निवडण्यात माझा वाटा आहे, पण जिन्यातली पाटी काढण्यात नाही. घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात करार संपतोय ना आपला? आधी ते बघू." आवाज अगदी गोड होता. मग सभासद असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि सही केली.

अर्ज सेक्रेटरींकडे पोचला आहे. विषयपत्रिकेत तो 'आयत्या वेळचे विषय' यात टाकला आहे, म्हणजे चहा आल्यावर, निम्मे लोक उठल्यावर. पाटी अजून जागेवर आहे. माझा करार अजून झालेला नाही.

यात शौर्य काही नाही. महाडला ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यापुढे एका अर्जाची काय कथा. पण त्या भाषणाने दिलेलं काम बहुधा याच मापाचं आहे: कंटाळवाणं, टाळ्या नसलेलं, ऱ्हस्व-दीर्घासकट. तीस सेकंदांच्या रीलमध्ये ते मावत नाही, कारण रील संपते तिथून ते सुरू होतं.

सभा येत्या रविवारी अकरा वाजता आहे. बाईंनी निरोप पाठवलाय, चहा आला तरी त्या उठणार नाहीत.